आक्काची गाडी उभी न्यायची होती

आक्काला निपाणीला आणायचं ठरलं तेव्हा मी आधी तिच्या गुडघ्याची काळजी केली, मग उंबऱ्याची, मग संडासातल्या भांड्याच्या उंचीची. मोटारसायकल माझ्या डोक्यातच नव्हती. ती आक्कानंच घातली. "येईन मी. पण गाडी संगं येणार. उभी येणार. आडवी पडली, कुठं वरखडा आला, तर त्याच टेम्पोनं मी माघारी," असं म्हणून तिनं चहाची कपबशी बाजूला सारली आणि टीव्ही लावला. आमच्या घरातल्या चर्चा अशाच संपतात.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सरकारी नर्स म्हणून तिची सगळी नोकरी खानापूर तालुक्यात, लोंढ्याच्या आजूबाजूच्या रानातल्या वाड्यांवर झाली. सुरुवातीला तिच्याकडं हलकी स्कूटर होती. ती दर पावसाळ्यात चिखलात रुतायची आणि आक्का ती तिथंच सोडून पुढं चालत जायची. मग तिनं बेळगावच्या कॅम्पात राहणाऱ्या एका निवृत्त जवानाकडून ही काळी धूड मोटारसायकल घेतली. अंगानं दुभत्या म्हशीएवढी, आणि जागची हलवायची तर तशीच आडमुठी. आमचे वडील तेव्हा होते. त्यांनी अबोला धरला. आक्कानं निऱ्या खोचल्या, वर जुना स्वेटर चढवला, लशींचा डबा मागं बांधला आणि ती कामावर गेली. लांबून तिच्या गाडीचा आवाज आला की अडलेल्या बाईच्या घरात पाणी तापायला ठेवायचे, असं त्या भागातले लोक अजून सांगतात. आक्का स्वतः काही सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "गाडी बरी हाय."

लग्न तिनं केलं नाही. रिटायर झाल्यावर बेळगावात दोन खोल्यांत एकटी राहिली, मजेत राहिली. मग न्हाणीघरात घसरून पडली आणि उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, तीही हातात काठी देऊन. मोटारसायकलचं नाव काढल्यावर ते नुसते हसले. आक्काला त्या हसण्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

तेव्हापासून माझी वारी सुरू झाली, म्हणजे बसची. मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला आहे. शनिवारी काम सुटलं की तंबाखूच्या खकाण्यानं शिंकत स्टँडवर यायचं, मिळेल ती बेळगावची बस धरायची. रविवारी तिचं दळण, औषधं, कपडे, आठवड्याची भाजी, तिच्यावर लक्ष ठेवा म्हणून शेजाऱ्यांना विनवण्या. सोमवारी उजाडायच्या आत परतीची बस, आणि खाली उतरलं की थेट वखार. मला साखर आहे, पाय सुजतात, पण हे कुणाला सांगणार? बायको म्हणायची, "आक्कांना इकडंच आणा की." आक्का म्हणायची, "मला काय झालंय?" आणि मी त्या दोघींच्या मधल्या हायवेवर बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपायचो. शेवटी शेवटी तर मला झोप फक्त बसमध्येच लागायची. घरी रविवार नाही आणि आठवडाभर डोळ्याला डोळा नाही, अशी गत. एकदा सोमवारी मी बसमध्ये असा झोपलो की निपाणी मागं पडली आणि कागलला कंडक्टरनं हलवून उठवलं. त्या दिवशी स्टँडवरच्या बाकड्यावर बसून ठरवलं, आता आक्काला आणायचं. नाहीतर हिच्या आधी मीच जाणार.

तर तिची अट ती अशी. माझीही एक अट होती. गाडी येईल, पण किल्ली माझ्याकडं राहील. हे बोलताना मी तिच्याकडं बघत नव्हतो. तिनं पर्समधून किल्ली काढून माझ्यासमोर टीपॉयवर ठेवली, आणि ती रविवारभर माझ्याशी बोलली नाही.

टेम्पो माझ्या मावसभावाचा. तो जत्रा-जत्रांतून खेळणी विकत हिंडतो. मागं चारी बाजूंनी बंद असा पत्र्याचा टेम्पो आहे. केबिनला लागून त्यानं झोपायला लाकडी बाज ठोकून घेतली आहे, बाजेच्या खाली स्टोव्ह आणि भांडी, आणि मागं दारापर्यंत माल भरायला मोकळी जागा. महिनोन्महिने तो त्यातच राहतो. जत्रांचा हंगाम नव्हता म्हणून टेम्पो रिकामा होता, तरी छताच्या आकड्यांना बाहुल्या, पिपाण्या आणि रबरी साप लटकतच होते. मी म्हटलं, "हे काढ की." तो म्हणाला, "कशाला? खातात व्हय तुला?"

आक्काचा गुडघा केबिनमध्ये दुमडून मावत नव्हता. म्हणून असं ठरलं की ती मागच्या बाजेवर पाय लांब करून बसेल, तिच्या पायाशी गाडी उभी राहील, आणि मी मावसभावाजवळ पुढं. बाजेच्या डोक्याशी केबिनचा पत्रा होता. काही लागलं तर त्यावर काठी वाजवायची.

निघायच्या सकाळी मी गेलो तर आक्का पायरीवर बसलेली आणि गाडी अंगणात अशी चमकत होती की डोळे दिपावेत. सासरी निघालेल्या पोरीला न्हाऊ घालून तेल लावतात, तसं तिनं गाडीला केलं होतं. टाकीला खोबरेल, नळ्यांना खोबरेल, आणि टायर काळेभोर दिसावेत म्हणून त्यांना डिझेलचा बोळा. आमच्या भागात नवी जागा गाठताना वस्तू अशीच न्यायची पद्धत आहे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की हिनं मनावर घेतलं म्हणायचं.

लग्नाच्या मांडववाल्याकडून जाड फळ्या आणल्या होत्या. गल्लीतले चौघे, मावसभाऊ आणि मी, अशा सहा जणांनी हाय-हुय करत ते धूड चढवलं. हँडल माझ्या हातातून दोनदा सटकलं. आक्का खालून ओरडत होती, "बिरेक धर! अरे, पुढचा बिरेक!" वर गेल्यावर मी गाडी दुहेरी स्टँडवर घेतली, कारण 'उभी' म्हणजे माझ्या दृष्टीनं स्टँडवर उभी. मग माझ्या आवडीचं काम आलं. बांधणं.

दोर बांधण्यात मी हुशार आहे, हे निपाणीत कुणीही सांगेल. उभा जन्म तंबाखूचे बोद बांधण्यात गेला. बोद म्हणजे गोणपाटात ठासून भरलेला तंबाखूचा गठ्ठा, माणसाच्या छातीएवढा उंच. ते ट्रकात रचून वरून असा दोर आवळायचा की घाटातल्या वळणावरही एक बोद हलत नाही. तस्संच केलं. सीटवरून इकडून तिकडं, टाकीवरून तिकडून इकडं, कड्यांत ओवून, पाय लावून ताणलं. गाठी मारल्या. गाडीला ढकलून बघितलं, हलली नाही. गल्लीतले चौघेही म्हणाले, "आता भूकंप आला तरी न्हाय हलत." आक्का बाजेवर चढून बसली, बसवली म्हणूया, आणि गाठींकडं बघत म्हणाली, "बांधलायस का आवळलायस?" मी दार लावून घेतलं.

हत्तरगीचा टोलनाका गेला. रस्त्याचं काम चाललेलं, दर थोड्या अंतरावर टेम्पो खाली डायव्हर्शनला उतरायचा, खडखडत जायचा, पुन्हा वर चढायचा. ऊन चढलं होतं. माझे डोळे मिटायला लागले. मावसभाऊ कुठल्यातरी जत्रेतल्या भांडणाची गोष्ट सांगत होता, आणि मला एवढंच सुचत होतं की परवा सोमवार आहे आणि मला बस धरायची नाही. हा विचार मी चघळत होतो.

संकेश्वरच्या पुढं मागून पत्रा वाजला. एकदा नाही, सारखा वाजायला लागला.

टेम्पो कडेला घेतला. मी दार उघडलं. गाडी स्टँडवरून उतरून बाजेवर कलली होती. दोर सैल पडलेले, सीटवरून सरकून एका बाजूला जमा झालेले. आक्का बाजेवर मागं रेललेली, दोन्ही हातांनी हँडल धरून, आणि धडधाकट डावा पाय टाकीला लावून तिनं ते अख्खं वजन थोपवून धरलं होतं. चेहरा घामानं निथळत होता. वर रबरी साप हलत होते. आरडाओरडा काही नव्हता. ती एवढंच म्हणाली, "तंबाखू हाय व्हय रं ही?"

आम्ही दोघांनी गाडी सरळ केली. म्हणजे करायचा प्रयत्न केला. डिझेल लावलेले टायर पत्र्यावरून बर्फावरून घसरावेत तसे घसरत होते. तेल लावलेल्या नळ्यांवर हात ठरत नव्हता. मग डोक्यात प्रकाश पडला. बोद ठोकळा असतो, दाबला की दाबलेलाच राहतो. मोटारसायकलला खाली स्प्रिंगा असतात. खड्डा आला की गाडी खाली बसते, ती खाली बसली की दोर ढिला पडतो, आणि तेवढ्यात ती स्टँडवरून उडी मारते. त्यात वरून तेलपाणी. मी माझ्या दोराला शिव्या दिल्या, मग आक्काच्या खोबरेलाला दिल्या, मग रस्त्याला दिल्या. टाकीवर वरखडा आला होता. बोटाएवढा होता, पण होता.

आक्कानं तो पाहिला. त्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "टेम्पो माघारी घे."

मावसभाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "आक्का, अर्ध्यात आलोय. आता घाट उतरला की निपाणी."

"माझं काय ठरलंतं? आडवी पडली तर माघारी. मला अशीच आवळून न्हेणार व्हय तू? खोलीत टाकून, किल्ली खिशात घालून? मी काय बोद न्हवं."

मला खरं म्हणजे ओरडायचं होतं. तुझ्यासाठी किती बसेस धरल्या, ते सांगायचं होतं. पण मी टेम्पोच्या मागं, रस्त्याच्या कडेच्या खडीवर खाली बसलो आणि मला रडू कोसळलं. साठीला टेकलेला माणूस, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांसमोर, हुंदके देऊन. लाज वाटत होती आणि थांबता येत नव्हतं. "न्हाय होत आता माझ्यानं, आक्का," एवढंच मी म्हणालो. "मी दमलोय. लई दमलोय. माघारी चल म्हणतीस तर चल, पण पुढच्या शनवारी मी न्हाय येऊ शकत. मला झोपायचंय."

मावसभाऊ उगाचच टायरची हवा बघायला गेला. रस्त्यानं जाणारा एक ट्रॅक्टरवाला थांबून कानडीत काय झालं म्हणून विचारू लागला, तर आक्कानंच आतून त्याला कानडीत सांगितलं की काही नाही, सामान सरकलंय, जा तू. मग तिची काठी पत्र्यावर वाजली. एकदाच.

"ऊठ," ती म्हणाली. "माती आण वंजळीनं. आधी टायर पूस. आणि माझी पिशवी काढ, त्यात जुन्या साड्या हायत, ड्युटीच्या."

पुढचं सगळं तिनं बाजेवरून सांगितलं आणि आम्ही केलं. एकदा लोंढ्याकडून बंद पडलेली गाडी तिनं लाकडाच्या ट्रकातून आणली होती, म्हणाली. मातीनं आणि फडक्यानं टायर कोरडे केले. चाकांखाली गोणपाट अंथरलं. स्टँड वर घेतलं आणि गाडी दोन चाकांवरच उभी करून पुढचं चाक बाजेच्या जाड पायाला टेकवलं. दोर सीटवरून नाही, तर हँडलच्या खाली, जिथं पुढचे दोन दांडे जोडलेले असतात तिथून दोन्ही कोपऱ्यांकडं. रंग घासू नये म्हणून मध्ये तिच्या पांढऱ्या साड्यांच्या घड्या. मागंही तसंच.

"आता कुणीतरी वर बसाया पायजे," ती म्हणाली. "वजनानं स्प्रिंगा दबतात. दबलेल्या असतानाच दोर ताणायचा. मग खड्ड्यात ढिला पडत न्हाय."

मी बसलो तर दोर कोण ओढणार? मावसभावाची गाठ म्हणजे फुगा बांधायची गाठ. तो बसला तर गाडी दबेना, तो काडी पैलवान. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. आक्का आमच्याकडं बघत होती, आणि तिला काय हवंय हे न कळायला मी काही परका नव्हतो.

"चल, आक्का," मी म्हटलं.

मावसभावानं तिला काखेत धरून उभं केलं, मी तिचा दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडं टाकला. ती कळवळली. मग सीटवर बसली, हँडल धरलं आणि पाठ सरळ केली. डोक्यावर बाहुल्या, बाजूला पिपाण्या, समोर पत्रा. तिथून कुठंही जायला रस्ता नव्हता. तरी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी न्हाणीघरातल्या त्या दिवसापासून पाहिलं नव्हतं.

मी दोर ताणला. नेहमीच्या सवयीनं पाय लावून शेवटचा हिसका देणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पार नको दाबू. थोडी हलाया ठेव. तिचंबी हाड मोडंल."

मी हात सैल केला. बोटभर जागा ठेवली आणि गाठ मारली.

उतरवायला गेलो तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, "घाट आहे, आक्का." ती काही वेळ तशीच बसली. मग माझ्या खांद्यावर हात टाकून खाली आली, बाजेवर पाय लांब केले आणि म्हणाली, "चल. ऊन लागतंय." माघारीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी मात्र केबिनमध्ये गेलो नाही. तिच्याशेजारी बाजेवर बसलो, गाडीवर एक हात ठेवून. तवंदीचा घाट उतरताना गाडी वळणावळणाला थोडी दबायची, थोडी उठायची, आणि दोर जागच्या जागी असायचे. आम्हा दोघांनाही पेंग येत होती.

निपाणीत उतरवायला वखारीतले हमाल आले, त्यामुळं ते काम सोपं झालं. तिच्या खोलीच्या खिडकीला लागून मी पत्र्याचं छप्पर घातलं होतं, त्याखाली गाडी लावली. बायकोनं दोघींना ओवाळलं, आक्काला आणि गाडीला. वरखडा तिनं पाहिला आणि त्यावर मुद्दाम कुंकवाचं बोट टेकवलं. बायको अशी आहे, मी उगाच तिच्याबद्दल तक्रार करत असतो.

आत जाताना आक्का माझ्यासमोर थांबली. हात पुढं केला. "हँडल लॉक करून येतो म्हणशील, तुला येत न्हाय ते. आण."

मी खिशातून किल्ली काढून दिली. तिनं लॉक लावलं, किल्ली रुमालात गुंडाळली आणि रुमाल कमरेला खोचला. ठरलं होतं ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. मी मागितली नाही. त्राण नव्हतं, हे खरं. पण असतं तरी मागितली नसती.

रविवार सामान लावण्यात गेला. आणि सोमवारी उजाडता उजाडता मी दचकून जागा झालो. बाहेर धडधड चालू होती. तो आवाज मी कुठंही ओळखेन. चप्पल न घालता तसाच धावत सुटलो, डोक्यात हायवे, ट्रक, तिचा गुडघा, सगळं एकदम. छपराखाली गाडी दुहेरी स्टँडवर उभी होती. बायको शेजारी उभी, तोंडावर पदर धरून हसत होती. स्टँडवर घ्यायला हिनंच हातभार लावला होता, किकही हिनंच मारली होती. आक्का एका हातानं काठीवर टेकून, दुसऱ्या हातानं हँडलची मूठ हळूहळू पिळत उभी होती. मागचं चाक हवेत फिरत होतं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझे अनवाणी पाय पाहिले.

"कुठं जात न्हाय मी," ती म्हणाली. "जा, झोप."

मी आत गेलो, अंथरुणावर पडलो, आणि त्या आवाजात मला झोप लागली.